किंमत बांधली, पण औषध कुठे आहे?

बाटली अंगठ्याएवढी असते आणि तिच्या तळाशी पांढरी पूड. नर्स तिच्यात निर्जंतुक पाणी सोडते, बाटली तळहातांत धरून घोळवते आणि आत दुधासारखे दाट मिश्रण तयार होते. ते इतके दाट असते की बारीक सुई चालत नाही, आणि जाड सुई घेतली तरी जरा रेंगाळले की ती तुंबते. कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर दिलेले हे इंजेक्शन चांगलेच दुखते. समोरचे मूल दहा-बारा वर्षांचे असते आणि त्याला हे नवीन नसते, कारण दर एकवीस दिवसांनी त्याला यासाठी यावेच लागते. औषधाचे नाव बेंझाथिन पेनिसिलिन. बरेच डॉक्टर त्याला अजून ‘पेनिड्युअर’ या ब्रँडच्याच नावाने ओळखतात.

या मुलाला कधी तरी घसा धरला होता. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे होणारा तो साधा घसादुखीचा आजार बरा झाला, पण जिवाणूशी लढायला उभी राहिलेली शरीराची यंत्रणा पुढे सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटली. याला संधिवाताचा ताप म्हणजे रुमॅटिक फिव्हर म्हणतात. असा प्रत्येक नवा झटका झडपा आणखी खराब करतो. झटका टाळायचा म्हणजे घशात तो जिवाणू पुन्हा रुजू द्यायचा नाही, आणि त्यासाठी रक्तात पेनिसिलिनची थोडीशी मात्रा सतत राहायला हवी. हे इंजेक्शन स्नायूत साठून तीन-चार आठवडे हळूहळू झिरपत राहते. उपचार किमान काही वर्षे चालतो, झडपा बिघडल्या असतील तर चाळिशीपर्यंत किंवा त्याहीपुढे. गर्भवतीला सिफिलिस असेल तर गर्भातल्या बाळापर्यंत पोहोचून त्याला वाचवणारे खात्रीचे औषध म्हणजेही पेनिसिलिनच.

औषध जुने आहे. पेटंटचा प्रश्न नाही, किंमत किरकोळ, बनवण्याची रीत जगाला ठाऊक. तरीही ते मिळेनासे होते. २०१४ ते २०१६ या काळाबद्दल ९५ देशांकडून माहिती मागवली गेली तेव्हा त्यांपैकी ३९ देशांनी आपल्याकडे बेंझाथिन पेनिसिलिनचा तुटवडा असल्याचे कळवले. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हे अत्यावश्यक औषध कित्येक वर्षे अपुरे पडत असल्याची औपचारिक नोंद घेतली. २०२३ मध्ये अमेरिकेतही त्याचा तुटवडा झाला, कारण तिथे ते पुरवणारी कंपनी एकच होती. शेवटी तिथल्या औषध प्रशासनाने फ्रान्स आणि पोर्तुगालच्या बाजारातले, अमेरिकेत मंजुरी नसलेले इंजेक्शन आणायला तात्पुरती परवानगी दिली.

तुटवडा म्हटले की आपल्याला २०२१ चा एप्रिल आठवतो. रेमडेसिवीरसाठीच्या रांगा, मग म्युकरमायकोसिस आल्यावर ॲम्फोटेरिसिनसाठी धावाधाव. त्या वेळी सरकारने निर्यात बंद केली, राज्यांना कोटे ठरवून दिले, वर्ध्याच्या एका छोट्या कंपनीला ही औषधे बनवायची परवानगी मिळाली. मागणी एकाएकी कित्येक पटींनी वाढली की असे होते, आणि त्याचा इतका बोभाटा होतो की सरकारला हलावेच लागते. पेनिसिलिनचा तुटवडा वेगळ्या जातीचा आहे. मागणी वर्षानुवर्षे तेवढीच असते, पुरवठा मात्र एकेका कारखान्याने झिजत जातो. केमिस्ट म्हणतो, “वरूनच माल येत नाही.” स्टॉकिस्टही तेच म्हणतो. ‘वर’ म्हणजे नेमके कुठे, हे दोघांनाही सांगता येत नाही.

ते ‘वर’ एके काळी पिंपरीत होते. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बाहेर पडू लागले. औषधनिर्मितीतला हा देशाचा पहिला सार्वजनिक उपक्रम. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी तिच्या भोवती वाढली. ‘एचए’ ही दोन अक्षरे तिथे कंपनीपेक्षा पत्ता म्हणूनच जास्त वापरली जातात.

पेनिसिलिन रसायने एकत्र करून बनत नाही, ते बुरशीकडून बनवून घ्यावे लागते. दोन-तीन मजली उंचीच्या पोलादी टाक्यांत साखरेचे पाणी आणि मका भिजवून उरलेला अर्क भरतात, त्यात पेनिसिलियम बुरशी सोडतात आणि कित्येक दिवस तिला निर्जंतुक हवा देत, घुसळत, ठरावीक तापमानात सांभाळतात. हवेचे कॉम्प्रेसर आणि थंडाव्याची यंत्रे अहोरात्र चालतात, त्यामुळे विजेचे बिल हाच मोठा खर्च. वीज काही तास गेली किंवा एखादा परका जिवाणू आत शिरला, की अख्खी टाकी गटारात. असा कारखाना बंद करायला सोपा आणि पुन्हा सुरू करायला महाकठीण. बुरशीचे जास्त उत्पन्न देणारे वाण, ते राखणारी माणसे आणि नुसत्या वासावरून टाकी बिघडल्याचे ओळखणारा पाळीवरचा कामगार, यांतले काही कपाटात बंद करून ठेवता येत नाही.

१९९० च्या दशकात आयातीची दारे उघडली. चीनने सरकारी पाठबळावर प्रचंड टाक्या उभ्या केल्या आणि पेनिसिलिन जी, म्हणजे या घराण्यातल्या बहुतेक औषधांचा कच्चा माल, भारतीय उत्पादनखर्चाच्या खाली विकायला सुरुवात केली. गोळ्या-इंजेक्शने बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांना हे पथ्यावरच पडले. कच्चा माल बनवणाऱ्यांचे कारखाने एकामागून एक थंडावले. पिंपरीची कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली, कामगारांचे पगार थकले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी भागवायचा निर्णय घेतला. ज्या वर्षी जागतिक आरोग्य सभा पेनिसिलिनच्या टंचाईची चिंता करत होती, त्याच वर्षी आपल्याकडे पेनिसिलिनच्या पहिल्या कारखान्याच्या जमिनीचा भाव काढला जात होता. या दोन गोष्टी कुणी एका टेबलावर शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या असतील, असे मला वाटत नाही.

ऑस्ट्रियात टिरोल प्रांतात कुंडल नावाचे गाव आहे. तिथल्या एका बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिनचा कारखाना निघाला. चिनी भावाचा फटका त्यालाही बसला. २०२० मध्ये कंपनीने तो आटोपता घ्यायचे संकेत दिले तेव्हा ऑस्ट्रियाच्या सरकारने सुमारे ५ कोटी युरो पुढे केले, कंपनीने त्यात आपली भर घातली, आणि बदल्यात सरकारने उत्पादन युरोपातच चालू ठेवायची हमी घेतली. कच्च्या मालापासून तयार औषधापर्यंत सगळे एकाच साखळीत बनवणारा तो पेनिसिलिनचा युरोपातला शेवटचा मोठा कारखाना होता. तो ‘शेवटचा’ आहे हे सरकारला ठाऊक होते, म्हणूनच हमी मागता आली.

आता आपल्या नियमनाकडे येऊ. औषधांच्या किमतींवर सरकारचा हात आला तो युद्धामुळे. १९६२ मध्ये चीनशी लढाई झाली, भाव भडकण्याची भीती निर्माण झाली आणि आधी किमती जाहीर करण्याचा, मग १९६३ मध्ये त्या गोठवण्याचा आदेश निघाला. पुढे १९७०, १९७९, १९८७, १९९५ अशी आदेशांची मालिका झाली. १९९७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, स्थापन झाले. सध्या चालतो तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना त्यात कमाल किंमत ठरवून दिली जाते. सूत्र सरळ आहे: बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि तिच्यावर किरकोळ दुकानदाराचे १६ टक्के धरायचे. औषध बनवायला खर्च किती येतो, हा प्रश्न १९९५ च्या सूत्रात होता. २०१३ मध्ये तो गाळला गेला.

त्यानंतर दरवर्षी एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे ही कमाल किंमत हलते. २०२२ मध्ये ती १०.७६ टक्के वाढली, २०२३ मध्ये १२.१२ टक्के, आणि २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या औषधामागे अर्धा पैसा. २०१६ मध्ये तर निर्देशांक उणे असल्याने किमती पावणेतीन टक्क्यांच्या आसपास उतरवाव्या लागल्या. घाऊक निर्देशांकात डिझेल, लोखंड, कांदे, कापड असे सगळे येते. चीनमधल्या एखाद्या कारखान्याने पेनिसिलिनचा भाव दुप्पट केला तर त्याचा पडसाद या निर्देशांकात उमटणे शक्यच नाही.

किमतींना लगाम नको, असा याचा अर्थ कुणी काढू नये. या देशात उपचाराच्या खर्चापायी कुटुंबे कर्जात जातात आणि त्या खर्चात औषधांचा वाटा मोठा असतो. महागड्या ब्रँडना कमाल किमतीने चाप बसतो तेव्हा रुग्णाचा खराखुरा फायदा होतो. गोची होते ती आधीच स्वस्त असलेल्या औषधांची. ज्या इंजेक्शनवर कंपनीला जेमतेम रुपया-दोन रुपये सुटत होते, त्याचा कच्चा माल महागला आणि विक्रीची किंमत मात्र खिळलेली राहिली, तर कंपनी ओरडत बसत नाही. ती आपली उत्पादनाची ‘लाइन’ दुसऱ्या औषधाला देऊन टाकते.

हिपॅरिनचे उदाहरण पाहा. रक्ताची गुठळी होऊ न देणारे हे इंजेक्शन डायलिसिसला, हृदयशस्त्रक्रियेला लागते. ते डुकराच्या आतड्यांच्या अस्तरापासून बनते. चीनमध्ये डुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ आली, कळपच्या कळप मारावे लागले, आणि सप्टेंबर २०१८ ते मे २०२० या काळात हिपॅरिनच्या कच्च्या मालाची किंमत २११ टक्क्यांनी वाढली. इथली कमाल किंमत जवळजवळ जिथल्या तिथेच. कोविडमुळे हिपॅरिनची गरज वाढलेली असताना जून २०२० मध्ये एनपीपीएला त्याची कमाल किंमत एका फटक्यात ५० टक्के वाढवावी लागली.

अशी वाढ आदेशाच्या परिच्छेद १९ खाली करता येते. अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी, हवी ती किंमत ठरवायचा अधिकार तो देतो. तो मुख्यतः किमती खाली आणायला वापरला गेला होता. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती २०१७ मध्ये त्याच्याच आधारे उतरल्या. पण डिसेंबर २०१९ मध्ये तो उलट्या बाजूने वापरून २१ औषधरूपांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली गेली. त्यांत बीसीजीची लस, कुष्ठरोगावरचे डॅप्सोन, मलेरियावरचे क्लोरोक्वीन आणि बेंझिलपेनिसिलिन (म्हणजेच पेनिसिलिन जी) होते. २०२१ मध्ये आणखी नऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ औषधांची अकरा रूपे, त्यांत पुन्हा बेंझिलपेनिसिलिन, क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन, दम्यावरचे साल्ब्युटामॉल, काचबिंदूचे पिलोकार्पिन, मनोविकारावरचे लिथियम, विषबाधेत लागणारे ॲट्रोपिन, थॅलेसेमियाच्या मुलांचे डेस्फेरिऑक्सामिन. कच्चा माल महागला, रुपया घसरला, परवडत नाही म्हणून काही कंपन्यांनी उत्पादन थांबवायची परवानगी मागितली आहे, असे कारण तेव्हा दिले गेले. या यादीत चैनीचे एकही औषध नाही.

याला मी धोरण म्हणणार नाही. दोन-तीन वर्षे प्रेशर साठू द्यायचे आणि शिट्टी वाजली की झाकण सैल करायचे, असा हा प्रकार आहे. कुठल्या औषधाचा कच्चा माल किती महागला, याचा तिमाही आढावा घेऊन ठरावीक मर्यादेपलीकडे किंमत आपोआप सुधारली, आणि कच्चा माल उतरल्यावर तशीच खालीही आली, तर कंपन्यांना अर्ज-विनंत्या कराव्या लागणार नाहीत आणि रुग्णांना मधले महिने रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.

खरी गंमत पुढेच आहे. तुटवड्यावरचे थेट हत्यार याच आदेशात आहे. परिच्छेद २१ सांगतो की नियंत्रित औषधांच्या उत्पादनाचे आणि विक्रीचे आकडे कंपनीने दर तिमाहीला कळवायचे. एखादे औषध बंद करायचे असेल तर किमान सहा महिने आधी सरकारला सांगायचे आणि जाहीर सूचनाही द्यायची. सरकारला लोकहित दिसले तर ६० दिवसांच्या आत ते कंपनीला ठरल्या तारखेनंतर एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते. परिच्छेद ३ तर म्हणतो की निकड असेल तर उत्पादन वाढवण्याचा आणि ते अमुक रुग्णालयांना विकण्याचा आदेशही देता येतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे एवढे अधिकार नाहीत. तिथल्या २०१२ च्या कायद्याने कंपन्यांवर उत्पादनातल्या अडथळ्याची सूचना सहा महिने आधी देण्याचे बंधन घातले, कोविडच्या काळात ते कच्च्या मालापर्यंत वाढवले गेले, पण ‘बनवाच’ असे प्रशासन कुणाला सांगू शकत नाही. सूचना दिली नाही तर पत्र लिहून ते जाहीर करण्यापलीकडे फारसे काही होत नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्याकडे आहे. कुठल्या औषधाचा तुटवडा आहे, कोणत्या कंपनीचा माल कधी अपेक्षित आहे, कारण काय, याची यादी सतत अद्ययावत होते आणि कुणालाही पाहता येते. तिथल्या रुग्णालयीन औषधतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या पहिल्या तिमाहीत ३२३ औषधांचे तुटवडे चालू असल्याचे नोंदवले, हा त्यांचा उच्चांक. ही संख्या लाजिरवाणी आहे, पण ती मोजलेली तरी आहे.

आपल्याकडे उलट. अधिकार दणदणीत आणि फलक कोरा. तिमाही आकडे फायलीत जातात. तुटवड्यातल्या औषधांची ताजी यादी डॉक्टरला किंवा केमिस्टला उघडून बघता येत नाही. शिवाय आदेशात पकडला जातो तो उत्पादन ‘बंद’ करण्याचा निर्णय. कंपनीने बंद न करता महिन्याच्या दहा बॅचऐवजी एक काढली, तर कागदोपत्री औषध चालूच. तिमाही आकड्यांत ही घसरण दिसायला हवी, पण त्यासाठी ते आकडे ती शोधण्याच्या हेतूने कुणी तरी वाचले पाहिजेत.

कुणी, हाच प्रश्न आहे. किंमत ठरवणारे एनपीपीए रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाखाली येते. दर्जा पाहणारी केंद्रीय यंत्रणा आरोग्य मंत्रालयाखाली. कारखान्याचा परवाना आणि तपासणी मुख्यतः राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. आयात शुल्क आणखी तिसरीकडे ठरते. सरकारी रुग्णालयांची खरेदी राज्याच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांकडे. प्रत्येकाचे काम चोख झाले, किंमत मर्यादेत राहिली, नमुना पास झाला, निविदा नियमाने निघाली, तरीही दर एकवीस दिवसांनी येणाऱ्या त्या मुलाला इंजेक्शन न मिळणे शक्य आहे. आणि त्यात कुणाचीच चूक निघणार नाही.

कधी कधी तर नियमनच तुटवडा आणते, आणि तेही योग्य कारणासाठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी निरीक्षक अहमदाबादजवळ साणंदच्या इंटास कंपनीच्या कारखान्यात पोहोचले. फाडलेल्या कागदपत्रांच्या पिशव्यांनी भरलेला ट्रक त्यांना आढळला. प्रयोगशाळेतल्या वजनकाट्याच्या पावत्या फाडून कचऱ्यात टाकल्याची आणि त्यांवर आम्ल ओतल्याचीही नोंद अहवालात आहे. कंपनीने उत्पादन थांबवले. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सिसप्लॅटिनचा जवळपास निम्मा पुरवठा या एका कारखान्यातून होत असे. सिसप्लॅटिन हे १९७८ पासून वापरात असलेले कर्करोगावरचे औषध. फुप्फुस, अंडाशय, वृषण, डोके-मान अशा अनेक कर्करोगांत उपचाराचा कणा. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या मोठ्या कर्करोग केंद्रांची पाहणी झाली तेव्हा ७० टक्के केंद्रांत सिसप्लॅटिन आणि ९३ टक्के केंद्रांत त्याचे भावंड कार्बोप्लॅटिन अपुरे होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले डॉक्टर कुणाला पूर्ण डोस द्यायचा आणि कुणाचा पुढे ढकलायचा, हे ठरवत बसले. शेवटी औषध प्रशासनाने चीनच्या एका कंपनीचे, अमेरिकेत मंजुरी नसलेले सिसप्लॅटिन आणू दिले.

निरीक्षकांनी डोळेझाक करायला हवी होती का? मुळीच नाही. कर्करोगाच्या इंजेक्शनची चाचणी खोटी असेल तर ते औषध असून नसल्यासारखेच. पण ज्या बाजारात सगळे जण फक्त कमी किंमत बघून खरेदी करतात, तिथे दर्जासाठी जास्त खर्च करणाऱ्या कंपनीला बक्षीस मिळत नाही. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१९ च्या अहवालाने तुटवड्याची मुळे शोधताना हेच म्हटले होते: कमी नफ्याच्या औषधांत कुणाला रस नाही आणि भरवशाच्या उत्पादनाची बाजार किंमत मोजत नाही. त्या ट्रकचे छायाचित्र सगळीकडे झळकले असते तरी, निम्मा देश एका कारखान्यावर का अवलंबून होता, हे त्यात दिसले नसते.

काही देशांनी साठ्याचा मार्ग धरला आहे. फिनलंडमध्ये ठरावीक औषधांचा तीन, सहा किंवा दहा महिन्यांचा साठा ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये महत्त्वाच्या औषधांचा दोन महिन्यांचा, गरज पडल्यास चार महिन्यांचा. जर्मनीने २०२३ मध्ये मुलांच्या औषधांवरची किंमतबंधने सैल केली आणि सवलतीचे करार करणाऱ्या कंपन्यांना सहा महिन्यांच्या साठ्याची अट घातली. उपाय चांगला, पण साठ्यात पैसा अडकतो, मुदत संपते, आणि दोन रुपये सुटणाऱ्या औषधाच्या कंपनीवर हा खर्च लादला तर ती आणखी लवकर काढता पाय घेईल. म्हणजे हा भार सरकारनेच उचलायला हवा.

सरकार उचलू शकते, कारण ते स्वतः मोठे गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्रातला अनुभव मात्र उत्साहवर्धक नाही. २०१७ पासून राज्यभरच्या सरकारी रुग्णालयांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली गेली. लसी आणि सर्पदंशावरचे प्रतिविष बनवण्यात नाव कमावलेल्या संस्थेच्या गळ्यात निविदांचे जू घातले. खरेदी रखडत गेली आणि रुग्णाच्या हातात ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी पडत राहिली. अखेर २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे नव्हती असा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. खरे काय ते ठरवणे माझ्या आवाक्यातले नाही, पण रुग्णालयाच्या भांडारात त्या दिवशी कोणते औषध किती होते, हे कुणालाही एका क्षणात पाहता आले असते तर हा वाद उद्भवलाच नसता.

तमिळनाडूने हे तीन दशकांपूर्वीच केले. तिथले वैद्यकीय सेवा महामंडळ १९९५ पासून राज्याची औषधखरेदी करते. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक मिळते, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम असते आणि उचललेला माल त्यातून वजा होतो. जिल्ह्यातल्या गोदामांत काही महिन्यांचा साठा असतो, तो पातळीखाली गेला की नवी ऑर्डर सुटते. माल आला की बॅचमधून नमुने तपासणीला जातात. पुरवठादारांना पैसे वेळेवर मिळतात, म्हणून ते कमी भावात माल द्यायला तयार होतात. यात डोळे दिपवणारे काही नाही. थकबाकी ठेवणाऱ्या सरकारी गिऱ्हाइकाला कंपन्या एकतर जास्त भाव लावतात किंवा निविदाच भरत नाहीत, एवढे साधे गणित त्यांनी ओळखले.

केंद्राचा घोळही कमी नाही. क्षयरोगाची औषधे केंद्र सरकार खरेदी करून राज्यांना देते. त्यात खंड पडला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या क्षयरोग विभागाने राज्यांना पत्र लिहून तीन महिन्यांची औषधे स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितले. रोज घ्यायची, एकही दिवस न चुकवायची औषधे! क्षयाच्या उपचारात खंड म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू तयार व्हायला मोकळे रान.

पेनिसिलिनच्या बाबतीत मात्र अलीकडे एक मोठी हालचाल झाली. २०२० मध्ये केंद्राने कच्च्या औषधद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना जाहीर केली. बुरशी-जिवाणूंकडून बनवाव्या लागणाऱ्या द्रव्यांना पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्के, पाचव्या वर्षी १५ आणि सहाव्या वर्षी ५ टक्के रक्कम मिळते. तिच्या आधारे आंध्रातल्या काकिनाड्याजवळ अरबिंदो समूहाच्या लायफियस कंपनीने वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलिन जीचा कारखाना उभारला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पिंपरीच्या टाक्या थंडावल्यानंतर एवढ्या प्रमाणावर पेनिसिलिन बनवण्याचा हा पहिलाच प्रयत्न.

योजनेची वर्षे संपल्यावर काय, हे आत्ताच ठरवायला हवे. चिनी कंपन्यांना भाव उतरवून नवा प्रतिस्पर्धी दमवण्याचा सराव आहे, आणि गोळ्या-इंजेक्शने बनवणारे स्वस्त माल घेणारच, कारण त्यांची स्वतःची विक्रीकिंमत बांधलेली आहे. नियंत्रित औषधाची कमाल किंमत ठरवताना देशी कच्च्या मालाचा भाव धरला, किंवा सरकारी निविदेत पुरवठ्याच्या खात्रीला गुण दिले आणि दोन वेगवेगळ्या स्रोतांकडून माल घेण्याची अट घातली, तरच काकिनाड्याचे गणित टिकेल. नाहीतर जनतेच्या पैशातून उभ्या केलेल्या टाक्या काही वर्षांनी आणखी एका मंत्रिमंडळाच्या टिपणीत ‘जादा मालमत्ता’ म्हणून येतील.

तोवर सामान्य माणसाच्या हातात एक रस्ता आहे, जो फार थोड्यांना ठाऊक आहे. औषध मिळत नसेल, किंवा असून केमिस्ट देत नसेल, तर एनपीपीएच्या २०१५ पासून चालू असलेल्या ‘फार्मा जन समाधान’ सेवेवर तक्रार करता येते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते. शिल्लक असलेले औषध देण्याचे नाकारणे हा किंमत आदेशाचा भंग आहे. तक्रारीत नुसते ब्रँडचे नाव लिहू नये. औषधाचे मूळ नाव, ताकद, गोळी की इंजेक्शन, कोणत्या गावातल्या कोणत्या दुकानांत विचारले आणि कोणत्या तारखेला, हे सगळे लिहावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडावी. ब्रँड नसेल पण तेच औषध दुसऱ्या कंपनीचे असेल, तर तो तुटवडा ठरत नाही. ते आधी डॉक्टरांना विचारून पाहावे, कारण अनेकदा अडचण तिथेच सुटते. तक्रार पोहोचली की एनपीपीए संबंधित कंपन्यांकडे साठ्याची चौकशी करते आणि त्या भागात माल पाठवायला सांगते.